कंपनीला अंतःकरण नसते

निसर्गाच्या रक्षणाविषयी आपल्या धर्मग्रामांतून आता पुष्कळ बोलले जाते. २०१५ साली पोप फ्रान्सिस यांचे ‘लाउदातो सी’ हे विश्वपत्र प्रसिद्ध झाले, तेव्हापासून वृक्षारोपणे होतात, कापडी पिशव्या वाटल्या जातात, प्रायश्चित्तकाळात प्लास्टिकचा उपवास धरला जातो. हे सारे स्वागतार्ह आहे आणि त्याची थट्टा करण्याचा आमचा मुळीच हेतू नाही. परंतु या प्रवचनांचा आणि परिसंवादांचा शेवट हटकून ज्या विचारावर होतो, त्याच्याशी आमचे भांडण आहे. माणसाचे अंतःकरण बदलले की जग आपोआप बदलेल, हा तो विचार. माणसाविषयी तो खरा असेल, नव्हे, आहेच. पण आज पृथ्वीची जी नासाडी चालली आहे तिचा मोठा वाटा माणसे एकेकटी उचलत नाहीत, कंपन्या उचलतात. आणि कंपनीला अंतःकरण नसते. प्रायश्चित्त संस्कारासाठी ती गुडघे टेकू शकत नाही. केलेल्या पापाच्या आठवणीने रात्री तिची झोप उडत नाही. तिच्यापाशी असतो तो ताळेबंद, आणि त्या ताळेबंदात जे मांडले जात नाही ते तिच्या लेखी घडलेलेच नसते.

आम्ही हे इलेक्ट्रॉनिक्स उद्योगाला धरून बोलत आहोत आणि तेही हेतुपुरस्सर. रसायनांचा कारखाना किंवा कातडी कमावण्याचा धंदा यांच्याविषयी कोणाची फसगत होत नाही. त्यांची दुर्गंधी त्यांच्या आधी येते. संगणक आणि मोबाइल बनवणारा उद्योग मात्र जन्मापासून सोवळ्यात वावरला. त्याला धुराडे नाही, त्याचे कामगार डोक्यापासून पायापर्यंत शुभ्र वेष्टनात, त्याच्या दालनात धुळीचा कण सापडायचा नाही. कॅलिफोर्नियातल्या सांता क्लारा खोऱ्यात फळबागा तोडून हे कारखाने उभे राहिले तेव्हा ‘स्वच्छ उद्योग’ म्हणूनच त्यांचे स्वागत झाले. १९८१ च्या अखेरीस त्या खोऱ्यातील सॅन होजे शहरात फेअरचाइल्ड कंपनीच्या कारखान्यातील जमिनीखालची टाकी गळत असल्याचे आणि तिच्यातील द्रावक पिण्याच्या पाण्याच्या विहिरीत उतरल्याचे उघडकीस आले. शेजारच्या वस्तीतल्या आया आपल्या गर्भपातांचा आणि जन्मतः व्यंग घेऊन आलेल्या मुलांचा हिशेब मागू लागल्या. मग शोध घेतला गेला, तेव्हा अशा टाक्या खोऱ्यात ठिकठिकाणी गळत असलेल्या निघाल्या. ते शुभ्र वेष्टन कामगाराला चिपपासून वाचवण्यासाठी नव्हतेच. चिपला कामगाराच्या धुळीपासून वाचवण्यासाठी होते. अमेरिकेत विषारी जमिनींच्या शुद्धीकरणासाठी ‘सुपरफंड’ नावाची सरकारी यादी आहे. त्या यादीत या एका सांता क्लारा काउंटीतील २३ ठिकाणे नोंदली गेली. देशातील दुसऱ्या कोणत्याही काउंटीत इतकी नाहीत. १९८३ पासून तेथील नगरांनी रसायनांच्या टाक्यांना बाहेरून दुसरे कवच आणि गळतीवर देखरेख यांची सक्ती केली. ते कवच काही आकाशातून पडलेले तंत्रज्ञान नव्हते. सक्तीपूर्वीही ते बसवता आलेच असते.

याच उद्योगाने पुढच्या काही वर्षांत जगाला आणखी एक धडा दिला आणि तो फारसा कोणाच्या स्मरणात नाही, म्हणून तो जरा सविस्तर सांगतो. सर्किट बोर्डावर डाख देऊन झाला की फ्लक्सचा चिकटा मागे राहतो. तो धुऊन काढण्यासाठी कारखाने सीएफसी-११३ नावाचे द्रावक वापरीत. ते पेट घेत नाही, चटकन वाळते, कामगाराच्या हाताला पोळत नाही. अमेरिकन सैन्याच्या मानकांतच त्याचा आग्रह होता, त्यामुळे बाकीच्या जगानेही तोच कित्ता गिरवला. मोलिना आणि रोलंड या शास्त्रज्ञांनी अशी द्रव्ये ओझोनचा थर पोखरतात असे १९७४ साली सांगितले होते. उद्योगाचे उत्तर ठरलेले होते : पर्याय नाही, आग्रह धराल तर उत्पादन थांबेल. १९८७ साली मॉन्ट्रियलचा करार झाला. आता द्रावकाच्या उत्पादनावरच मर्यादा येणार हे निश्चित झाले, आणि काय चमत्कार पाहा! १९८८ च्या जानेवारीत एटी अँड टी या बलाढ्य कंपनीने पेट्रोफर्म नावाच्या एका लहान कंपनीच्या साथीने जाहीर केले की संत्र्या-लिंबांच्या सालींतून निघणाऱ्या टर्पीनच्या द्रावणाने बोर्ड तितकेच स्वच्छ होतात. करार होऊन अजून पुरते चार-पाच महिनेही लोटले नव्हते. संत्र्याची साल पूर्वीही कचऱ्यात पडतच होती. तिच्याकडे पाहण्याची गरज कोणाला भासली नव्हती.

एवढ्यावर गोष्ट संपली नाही. १९९० पासून अमेरिकेने अशा द्रव्यांवर कर बसवला आणि १९९३ पासून सीएफसीने धुतलेल्या मालावर तशी स्पष्ट सूचना छापण्याचे बंधन घातले. आपल्या मालावर ‘ओझोनचा नाश करणाऱ्या द्रव्याने बनवलेला’ असा शिक्का कोणाला हवा होता? कंपन्या अभियंत्यांच्या मागे लागल्या. कॅनडाच्या नॉर्दर्न टेलिकॉमने १९९२ च्या आरंभापर्यंत हे द्रावक आपल्या कारखान्यांतून हद्दपार केले होते. शेवटी अनेक अभियंत्यांच्या असेही ध्यानात आले की फ्लक्स बदलला तर बोर्ड धुवावाच लागत नाही! वर्षानुवर्षे लक्षावधी किलो द्रावक ज्या कामासाठी हवेत उडवले गेले, ते कामच बऱ्याच ठिकाणी अनावश्यक होते. या अभियंत्यांच्या बुद्धीला आमचा मनःपूर्वक नमस्कार आहे. पण त्यांची ही बुद्धी १९७४ सालीही त्यांच्यापाशी होती. त्यांच्या मालकांना तिची किंमत १९८७ नंतर कळली.

आमच्या या म्हणण्यावर कोणी म्हणेल की हे जुने झाले, आजच्या कंपन्या जागरूक आहेत, त्या दर वर्षी हिरव्या मुखपृष्ठाचे अहवाल काढतात. अशांनी कृपया आपल्या घरातला एक खण उघडून पाहावा. त्यात जुन्या मोबाइलचे चार्जर पडलेले असतील. एकाचे टोक दुसऱ्याला बसणार नाही. सर्वांसाठी एकच चार्जर असावा म्हणून युरोपीय संघाने प्रथम गोडीगुलाबीने घेतले. २००९ साली मोठ्या कंपन्यांनी स्वेच्छेच्या करारावर सह्या केल्या. त्या करारात एक फट होती : मधे जोड लावून काम भागत असेल तर फोनचे छिद्र वेगळे ठेवण्यास मुभा होती. ॲपल कंपनी त्या फटीतून तेरा-चौदा वर्षे सुखेनैव ये-जा करीत राहिली. २०२२ साली युरोपने कायदा केला आणि २०२४ च्या अखेरीपासून तो लागू होईल असे सांगितले. २०२३ च्या सप्टेंबरात ॲपलच्या नव्या फोनला सर्वांसारखे छिद्र आले, आणि ते एकट्या युरोपपुरते आले नाही. वसईच्या बाजारातही तोच फोन आला. स्वेच्छेने चौदा वर्षांत जे झाले नाही ते कायद्याची तारीख दिसताच झाले.

बाजाराचे दार बंद होणे ही भाषा कंपनीला किती लवकर समजते, याचे याहून जुने उदाहरण आहे. २००१ सालच्या नाताळाच्या तोंडावर नेदरलँड्सच्या अधिकाऱ्यांनी सोनी कंपनीची सुमारे १३ लाख प्लेस्टेशन खेळयंत्रे अडवून ठेवली, कारण त्यांच्या तारांत कॅडमियम हे विषारी मूलद्रव्य डच कायद्याच्या मर्यादेपेक्षा अधिक होते. वर्षातला विक्रीचा सर्वांत मोठा हंगाम, आणि माल गोदामात! तार कोणी पुरवली, तिच्यात रंग कोणी घातला, याचा शोध घेता घेता सोनीला प्रथमच कळून आले की आपल्या मालात काय आहे हे आपल्यालाच ठाऊक नाही. त्यानंतर तिने पुरवठादारांच्या तपासणीची जी कडक व्यवस्था उभारली तिचे आज व्यवस्थापनाच्या वर्गांत कौतुकाने दाखले दिले जातात. त्या डच अधिकाऱ्यांचा उल्लेख सहसा होत नाही.

युरोपीय संघाने १ जुलै २००६ पासून शिसे, पारा, कॅडमियम आदी सहा घातक पदार्थांवर मर्यादा घातली, तेव्हाही अनर्थाची भाकिते झाली. शिशाविना डाख टिकणार नाही, विमाने कोसळतील, इथपर्यंत मजल गेली. डाख टिकला. (बिनशिशाचा डाख वितळवायला अधिक उष्णता लागते, म्हणजे वीज अधिक जळते, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. कायदाही फुकटात पुण्य देत नाही.) तसल्याच मर्यादा भारतात लागू झाल्या त्या १ मे २०१४ पासून. मधल्या आठ वर्षांत भारतीयांच्या यकृताविषयी कोणत्या कंपनीला स्वतःहून कळवळा आला, हे कोणी दाखवून दिल्यास आम्ही आभारी होऊ.

मग अंतःकरणाचे काय? या ठिकाणी लूकलिखित शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायातील दाखला आठवल्याशिवाय राहत नाही. प्रभूने त्यात एक न्यायाधीश रंगवला आहे. तो देवाला भीत नाही आणि माणसांची पर्वा करीत नाही. एक विधवा त्याच्या दारी रोज येते, न्याय मागते. अखेरीस तो न्याय देतो, कारण ती त्याला सतावून सोडते. आपण हा दाखला अखंड प्रार्थनेचा म्हणून ऐकतो आणि तो तसाच आहे. पण त्यातील एक साधी गोष्ट आपल्या नजरेतून निसटते : न्यायाधीशाचे परिवर्तन झाल्याचे प्रभू कोठेही सांगत नाही. तो होता तसाच राहिला. निकाल तेवढा न्याय्य लागला. विधवेने त्याच्या दाराशी जीवनपरिवर्तनाची साधना शिबिरे भरवली नाहीत. ती उंबरठ्यावरून हलली नाही, इतकेच.

कंपनीत माणसे असतात आणि त्या माणसांना अंतःकरण असते, हे आम्हांला मान्य आहे. आमचेच कित्येक तरुण या उद्योगात अभियंते आहेत. रविवारी मिस्साबलीला येतात, गायनवृंदात गातात. त्यांना दोष देण्याचे कारण नाही. पण बैठकीत एखाद्याने ‘हे द्रावक घातक आहे, दुसरे वापरू’ असे म्हटले की पहिला प्रश्न येतो, किंमत किती वाढेल? त्याच्या सद्भावनेला त्या टेबलावर किंमत नसते. तोच माणूस जेव्हा ‘दुसरे वापरले नाही तर माल बंदरात अडकेल’ असे म्हणू शकतो, तेव्हा साऱ्या माना त्याच्याकडे वळतात. आतल्या सज्जनाच्या हाती बाहेरून शस्त्र द्यावे लागते. ते न देता त्याने एकट्याने लढावे अशी अपेक्षा करणे म्हणजे त्याला गोलिएथासमोर गोफणीवाचून उभे करणे होय.

आणि जेथे बाहेरून कोणी काही दिले नाही, तेथे काय घडते? दक्षिण कोरियातील एका टॅक्सीचालकाची मुलगी शाळा संपताच २००३ साली सॅमसंगच्या गिहुंग येथील चिप कारखान्यात कामाला लागली. चकत्या रसायनांत बुडवून धुण्याचे ते काम होते. तिला रक्ताचा कर्करोग झाला. तिच्या जोडीने त्याच जागी काम करणारी सहकारीही त्याच रोगाने गेली. २००७ च्या मार्चमध्ये इस्पितळातून घरी परतताना वडिलांच्याच टॅक्सीत या मुलीने प्राण सोडला. ती बावीस वर्षांची होती. तेथे कोणकोणती रसायने होती असे बापाने विचारले, तर ते व्यापारी गुपित ठरले! मुलीच्या रक्तात जे शिरले त्याचे नाव तिच्या बापाला कळू नये, पण प्रतिस्पर्धी कंपनीपासून ते लपले पाहिजे, असा हा न्याय. त्या बापाने आणि त्याच्यासारख्या इतरांनी संघटना उभी केली. २०११ मध्ये न्यायालयाने आणि २०१४ मध्ये वरिष्ठ न्यायालयाने त्या मुलीचा मृत्यू कामाशी निगडित असल्याचे मान्य केले. सोल शहरात कंपनीच्या इमारतीसमोर या कुटुंबांनी १,०२३ दिवस ठाण मांडले. त्यानंतर २०१८ च्या नोव्हेंबरात सॅमसंगने जाहीर क्षमा मागितली आणि एकेकाला कमाल १५ कोटी वॉनपर्यंत भरपाईची योजना स्वीकारली. मृत्यूपासून क्षमायाचनेपर्यंत साडेअकरा वर्षे गेली. दाखल्यातील विधवा कोठे भेटेल असे कोणी विचारले तर आम्ही त्या फुटपाथकडे बोट दाखवू.

कायद्याइतकीच दुसरी एक गोष्ट कंपनीला कळते, ती म्हणजे मोठे गिऱ्हाईक. अमेरिकेत २००६ पासून ‘ईपीट’ नावाची एक नोंदवही आहे. पर्यावरणाच्या कसोट्यांना उतरणारे संगणक तीत नोंदले जातात आणि सरकारी खात्यांची खरेदी तिच्यावर बेतली जाते. २०१२ च्या उन्हाळ्यात ॲपलने आपले ३९ नमुने या नोंदवहीतून काढून घेतले. कारण फारसे कोणाला सांगितले नाही. त्याच सुमारास बाजारात आणलेल्या त्यांच्या नव्या संगणकात बॅटरी चिकटवून टाकलेली होती, ती सहज सुटत नव्हती, एवढे मात्र जगाला दिसत होते. जुलैमध्ये सॅन फ्रान्सिस्को नगराने सांगितले की असे असेल तर आमच्या कार्यालयांसाठी हे संगणक घेतले जाणार नाहीत. नगराची खरेदी कंपनीच्या उलाढालीपुढे समुद्रात लोटाभर पाणी. तरीही त्याच आठवड्यात कंपनीच्या उच्चाधिकाऱ्याने ती चूक होती असे जाहीर करून सारे नमुने परत नोंदवले. एका नगरापाठोपाठ शाळा आणि विद्यापीठे तोच प्रश्न विचारतील, ही धास्ती त्यामागे असावी असे आमचे अनुमान आहे. गंमत पुढेच आहे. तो चिकट बॅटरीचा संगणकही नंतर त्या नोंदवहीच्या कसोटीला उतरल्याचे ठरले. म्हणजे गिऱ्हाइकाने नुसती कसोटी लावून भागत नाही, कसोटी कोण शिथिल करतो आहे यावरही डोळा ठेवावा लागतो.

आपल्या ख्रिस्तसभेने हे काम कधी केलेच नाही असे मात्र नाही. इंग्लंड आणि वेल्सच्या बिशपांची ‘कॅफोड’ नावाची मदतसंस्था आहे. २००४ च्या जानेवारीत तिने मेक्सिको, थायलंड आणि चीन येथील संगणक-कामगारांच्या हालअपेष्टांवर अहवाल काढला. त्यात ‘काही कंपन्या’ अशी मोघम भाषा नव्हती. एचपी, डेल आणि आयबीएम अशी नावे होती. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात या तिघींनी आपल्या पुरवठादारांसह कामगार, आरोग्य आणि पर्यावरण यांविषयी एक आचारसंहिता जाहीर केली. दशकभर जे उपदेशाने झाले नव्हते ते नावे छापल्यावर दहा महिन्यांत झाले. अर्थात ही संहिता कंपन्यांनीच लिहिलेली आणि त्यांच्याच हाती असलेली. २००९ साली चीनच्या सुझौ शहरात ॲपलसाठी स्पर्शपडदे बनवणाऱ्या कारखान्यात अल्कोहोलऐवजी एन-हेक्झेन वापरले गेले, कारण ते लवकर वाळते आणि काम वेगाने होते. १३७ कामगारांना विषबाधा झाली, कित्येकांच्या हातापायांतील चेता बधिर झाल्या. संहिता तेव्हा पाच वर्षांची होती. अंतिम जुळणीच्या कारखान्यांतून ते द्रव्य ॲपलने बंद केले ते २०१४ च्या ऑगस्टमध्ये, ग्राहकांच्या संघटनांनी काही महिने मोहीम चालवल्यावर.

आता हा प्रश्न आपल्या अंगणात आला आहे. गुजरातेत धोलेरा येथे चिप कारखान्याची पायाभरणी २०२४ च्या मार्चमध्ये झाली. पुण्याजवळ रांजणगाव येथे इलेक्ट्रॉनिक्स उत्पादनाच्या संकुलाला केंद्राने २०२२ साली मंजुरी दिली. रोजगार यावेत, आमच्या मुलांना काम मिळावे, हे आम्हांलाही हवे आहे. पण ‘स्वच्छ उद्योग’ हा शब्द पुन्हा कानी पडू लागला आहे आणि तो ऐकला की आम्हांला सॅन होजेची विहीर आठवते. कंपन्यांची वृत्ती येथे निराळी असेल अशी आशा ज्यांना वाटते त्यांनी ई-कचऱ्याचा ताजा वाद पाहावा. २०२२ सालच्या नियमांनी उत्पादकावर आपला माल मोडीत निघाल्यावर त्याची विल्हेवाट लावण्याची जबाबदारी टाकली. पुनर्चक्रीकरण करणाऱ्याला योग्य मोबदला मिळावा म्हणून सरकारने किलोमागे किमान २२ रुपयांचा दर ठरवला. त्याविरुद्ध सॅमसंग, एलजी यांसारख्या कंपन्या २०२५ साली दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या. न्यायालयात जाणे हा त्यांचा अधिकार आहे आणि दर योग्य की अयोग्य हा हिशेबाचा प्रश्न आहे. परंतु हिरव्या मुखपृष्ठाच्या अहवालात जी पृथ्वी अनमोल असते तिची किंमत २२ रुपये होताच वकील उभे राहतात, याची नोंद वाचकांनी घ्यावी. २०२२ या एका वर्षात जगात ६ कोटी २० लाख टन ई-कचरा निर्माण झाला आणि त्यातील जेमतेम २२ टक्क्यांची रीतसर विल्हेवाट लागल्याची नोंद आहे. उरलेला कोठे जातो हे दिल्लीच्या सीलमपूरला विचारावे, किंवा आपल्या कोपऱ्यावरच्या भंगारवाल्याला.

आम्हां वसईकरांना तरी हे फोड करून सांगण्याची वेळ येऊ नये. हरित वसईच्या लढ्यात फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्यामागे लोक रस्त्यावर उतरले, ते बिल्डरांचे मनःपरिवर्तन होईल म्हणून उतरले नव्हते. विहिरींचे पाणी जात होते, बागायती जात होती, आणि जाब विचारल्यावाचून ती थांबणार नव्हती. जाब विचारण्याची ती सवय आपण खरेदीच्या टेबलावर बसताना मात्र बाहेर चपलांबरोबर काढून ठेवतो.

कारण आपणही मोठे गिऱ्हाईक आहोत. धर्मप्रांताच्या शाळा, महाविद्यालये, इस्पितळे, पतपेढ्या यांतील संगणक, छपाईयंत्रे, पडदे मोजले तर संख्या काही शेकड्यांवर थांबणार नाही. ती यंत्रे आपण कशी घेतो? तीन दरपत्रके मागवतो आणि सर्वांत खालच्या आकड्यावर सही करतो. ‘लाउदातो सी’वर व्याख्यान ज्या सभागृहात होते, त्याच सभागृहातला प्रक्षेपक बिघडला की त्याचा सुटा भाग मिळत नाही म्हणून तो भंगारात जातो. त्याच विश्वपत्रात पोपमहोदयांनी ग्राहकांच्या संघटित बहिष्काराने कंपन्यांना आपली वागणूक बदलावी लागल्याचे नमूद केले आहे आणि खरेदी ही नैतिक कृती असल्याचे त्यांच्या पूर्वाधिकाऱ्यांचे मत पुन्हा मांडले आहे. झाडे लावण्याचा भाग आपण उचलला, हा भाग गाळला. झाडे लावल्याने कोणी दुखावत नाही, हे त्याचे कारण असेल का?

आमची मागणी फार थोडी आहे. धर्मप्रांताच्या सर्व संस्थांनी अशा यंत्रांची खरेदी एकत्रितपणे करावी आणि दरपत्रक मागवतानाच काही अटी लेखी घालाव्यात. बॅटरी आणि सुटे भाग किमान सात वर्षे मिळतील आणि बाहेरच्या कारागिराला ते बसवता येतील, असे विक्रेत्याने लिहून द्यावे. यंत्र निकामी झाल्यावर ते परत न्यावे आणि नोंदणीकृत पुनर्चक्रीकरण केंद्राची पावती द्यावी. यंत्र ज्या कारखान्यात जुळवले गेले तेथे बेन्झीन व एन-हेक्झेन वापरले जात नाही, याचे उत्पादकाकडून लेखी उत्तर आणावे. उत्तर आले नाही तर त्या कंपनीचे नाव पुढील वर्षीच्या यादीतून वगळावे आणि वगळल्याचे तिला कळवावे. हे शेवटचे सर्वांत महत्त्वाचे. न कळवलेला बहिष्कार कंपनीच्या लेखी मंद धंदा असतो.

एकट्या लहान शाळेचे कोण ऐकणार, हा आक्षेप आम्हांला ठाऊक आहे आणि म्हणूनच खरेदी एकत्रित हवी. २०२२ च्या नियमांनुसार वर्षभरात किमान एक हजार उपकरणे वापरणारी संस्था ‘घाऊक ग्राहक’ ठरते आणि तिने आपला ई-कचरा नोंदणीकृत यंत्रणेकडेच सोपवणे बंधनकारक असते. आपण सारे मिळून तो आकडा सहज ओलांडू. तेव्हा कायदा आपल्यालाही सोडणार नाही, हेही ध्यानी असू द्यावे. दुसरा आक्षेप खर्चाचा. सात वर्षे चालणारा संगणक चार वर्षांत मोडीत जाणाऱ्या संगणकाहून थोडा महाग असेल तर तो परवडतो की नाही, हे आमच्या शाळांतील पाचवीच्या मुलांना त्रैराशिक मांडून काढता येईल. तिसरा आक्षेप कोणी उघडपणे घेत नाही. देणगी देणाऱ्या कंपन्या दुखावतील, हा तो आक्षेप. संगणक कक्षाच्या दारावर ज्यांच्या नावाची पाटी आहे त्यांना प्रश्न कसा विचारायचा, अशी ती अडचण आहे. त्याला आमच्यापाशी उत्तर नाही. ज्यांनी पाटी लावली त्यांनी ते द्यावे.

शाळांची दरपत्रके एप्रिल-मे महिन्यांत मागवली जातात. धर्मप्रांताच्या शिक्षण मंडळाने त्यापूर्वी आपली भूमिका जाहीर करावी. वरील अटी घालणे ज्या संस्थेला अशक्य वाटते तिने आपली कारणे या त्रैमासिकाकडे पाठवावीत. ती आम्ही संस्थेच्या नावासह जशीच्या तशी छापू.